पडद्यावरचे शेत का बुडाले?

ब्राउझरमधल्या खेळांच्या बदलत्या तंत्राची हकीकत

३१ डिसेंबर २०२० या दिवशी जगातली एक फार मोठी शेती कायमची बंद पडली. तिथे दुष्काळ पडला नव्हता, गारपीट झाली नव्हती की टोळधाड आली नव्हती. उभी पिके, गाई, फळबागा, कुंपणे सारे जागच्या जागी होते. पण नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मालक बघायला गेले, तर शेतच सापडेना!

ही शेती मातीतली नव्हती. फार्मव्हिल नावाच्या संगणकावरच्या खेळातली ती शेती. झिंगा या अमेरिकन कंपनीने जून २००९ मध्ये हा खेळ फेसबुकवर आणला आणि २०१० साली महिन्याकाठी आठ कोटींहून अधिक माणसे तो खेळत होती. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात कधी खुरपे हाती धरले नसेल. पण पडद्यावर ती नांगरत होती, पेरत होती, शेजाऱ्याच्या शेतात मदतीला जात होती. मग एवढी भरभराटीची शेती बुडाली कशी? ती ज्या साधनावर उभी होती, ते साधनच त्याच्या मालकाने काढून घेतले. त्या साधनाचे नाव फ्लॅश.

आता तुम्ही म्हणाल, खेळातली शेती बुडाली, त्यात आमचे काय गेले? प्रश्न रास्त आहे. पण आज खेड्यापाड्यांत घरोघर मोबाईल आहे. मुले त्यावर खेळतात, काही शिकतात, काही मुले स्वतःच खेळ तयार करू पाहतात. हे सारे कोणाच्या जमिनीवर उभे आहे आणि पुढे टिकणार की नाही, हे घरच्या माणसांना कळलेले बरे. म्हणून ही हकीकत पहिल्यापासून सांगतो.

ब्राउझर म्हणजे काय?

सातबारा, परीक्षेचा निकाल किंवा बाजारभाव पाहायला आपण मोबाईलवर जी खिडकी उघडतो, तिला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ही त्याची नावे. दूरच्या एखाद्या संगणकावर ठेवलेले पान मागवायचे आणि आपल्या पडद्यावर मांडून दाखवायचे, एवढेच त्याचे मूळचे काम.

ही पाने एकमेकांना जोडण्याची युक्ती टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने काढली. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत त्याने १९८९ साली ती मांडली आणि १९९१ साली ती बाहेरच्या जगाला खुली झाली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले की, हे तंत्र कोणीही फुकट वापरावे, त्यावर आमचा मालकी हक्क नाही. हा दिवस ध्यानात ठेवा. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मर्म त्यात आहे.

सुरुवातीची पाने म्हणजे ग्रामपंचायतीचा सूचनाफलक. वाचायची आणि पुढे जायचे. त्यावर खेळ खेळायचा, तर प्रत्येक चालीला दूरच्या संगणकाकडून नवे पान मागवावे लागे. पत्राने बुद्धिबळ खेळण्यासारखाच तो प्रकार. उडणारा चेंडू, धावणारी गाडी हे त्यात जमणे शक्य नव्हते.

ट्रॅक्टरला जोडलेले अवजार

नुसता ट्रॅक्टर शेत नांगरत नाही, त्याला नांगर जोडावा लागतो. तसेच ब्राउझरला वेगळे अवजार जोडायची सोय निघाली. त्याला प्लग-इन म्हणतात. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा ही संगणकाची भाषा आणली आणि तिच्यात लिहिलेले छोटे कार्यक्रम ब्राउझरच्या पानात चालू लागले. इंग्लंडमधल्या गॉवर बंधूंनी जानेवारी २००१ मध्ये रूनस्केप नावाचा खेळ जावावरच काढला. त्यात हजारो माणसे एकाच वेळी एकाच काल्पनिक मुलखात हिंडू शकत. मात्र जावा सुरू व्हायला वेळ घेई आणि त्यात चित्रे हलवायची, तर चांगला जाणकार लागे.

खरी बाजी मारली ती फ्लॅशने. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. जोनाथन गे आणि त्याच्या सोबत्यांची फ्यूचरवेव्ह ही लहानशी कंपनी होती. लेखणीने पडद्यावर चित्र काढता येईल अशा संगणकांसाठी त्यांनी एक कार्यक्रम तयार केला. ते संगणक बाजारात चालले नाहीत आणि माल अंगावर पडायची वेळ आली. तेव्हा त्यांनी त्याच कार्यक्रमात चित्रे हलवायची सोय घातली आणि १९९६ साली तो नव्या नावाने विकायला काढला. त्याच वर्षअखेर मॅक्रोमीडिया कंपनीने तो विकत घेतला आणि त्याचे नाव फ्लॅश झाले.

फ्लॅशची करामत समजायला आपली ठिपक्यांची रांगोळी आठवा. रांगोळीचा रंगीत फोटो पाठवायचा, तर एकेका बारीक कणाचा रंग पाठवावा लागतो. त्याऐवजी शेजारणीला नुसते सांगितले, ‘पंधरा ठिपके पंधरा ओळी, इथून तिथे रेघ ओढ, मधल्या पाकळीत लाल भर,’ तर दोन वाक्यांत काम होते आणि रांगोळी हवी तेवढी मोठी काढता येते. फ्लॅश चित्र पाठवत नसे. चित्र कसे काढायचे त्याची सांगी पाठवी. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चाले. सेकंदाला छप्पन्न हजार बिट हा त्याचा चांगल्यात चांगला वेग. म्हणजे आज आपण सहज पाठवतो तो एक मेगाबाइटचा फोटो यायला सुमारे अडीच मिनिटे लागत. तशा दिवसांत छोट्या फाइलीत हलते चित्र, आवाज आणि खेळ हे सारे मिळणे म्हणजे केवढी सोय!

२००० साली फ्लॅशच्या पाचव्या आवृत्तीत ॲक्शनस्क्रिप्ट ही भाषा आली आणि खेळांचा पूर लोटला. शाळा-कॉलेजातली पोरे घरी बसून खेळ करू लागली. टॉम फल्प या अमेरिकन तरुणाच्या न्यूग्राउंड्स या ठिकाणी कोणीही आपला खेळ आणून मांडावा आणि जगाने तो फुकट खेळावा, अशी पद्धत पडली. आपल्याकडेही तालुक्याच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून मुले हेच खेळ खेळत. २००५ साली ॲडोबी या मोठ्या कंपनीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. फ्लॅशचा कासरा आता ॲडोबीच्या हाती गेला.

पेरा आणि वेळेवर परत या

या साऱ्या खेळांत सर्वांत पसरला तो फार्मव्हिल. पेरले की घड्याळ सुरू होई. स्ट्रॉबेरी चार तासांत काढणीला येई, काही पिके दिवसांनी. वेळेवर काढणी केली नाही, तर पीक वाळून जाई. म्हणून लोक कचेरीतून, स्वयंपाक करता करता, रात्री अलार्म लावून उठून पडद्यावरची पिके काढत. घाई असेल त्याने खरे पैसे भरून वस्तू घ्याव्यात, हा कंपनीचा धंदा. खऱ्या शेतकऱ्याला हसू येईल, पण पिकाची काळजी माणसाला कशी खेचून आणते, हे कंपनीने बरोबर ओळखले होते.

आता नीट पाहा. हे शेत दोन परक्या गोष्टींवर उभे होते. पडद्यावर ते दिसे ते ॲडोबीच्या फ्लॅशमुळे. आणि कोणाची किती जमीन, किती पीक, किती नाणी याची नोंदवही राहत असे झिंगाच्या संगणकांवर. खेळणाऱ्याच्या घरात यातले काहीच नव्हते. त्याने फक्त वेळ घातला होता, कोणी कोणी पैसाही.

फ्लॅशला लागलेली कीड

फ्लॅशचे वैभव डोळ्यांत भरत होते, तेव्हाच आत कीड लागली होती. पहिली गोष्ट, फ्लॅशमध्ये वारंवार भगदाडे सापडत आणि त्यांतून चोर दुसऱ्याच्या संगणकात शिरत. भगदाड बुजवायचे काम एकट्या ॲडोबीचे. दुसऱ्या कोणाला आतले पाहता येत नव्हते, दुरुस्तही करता येत नव्हते. दुसरी गोष्ट, फ्लॅश हे संगणकासाठी घडवलेले अवजार. छोट्या मोबाईलची बॅटरी ते भराभर खाई आणि त्यातले अनेक खेळ माऊसच्या बाणासाठी केलेले, बोटाच्या स्पर्शासाठी नव्हे.

ॲपलने २००७ साली आयफोन काढला तो फ्लॅशशिवाय. एप्रिल २०१० मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जने जाहीर पत्रच लिहिले आणि फ्लॅश का नको याची कारणे मांडली : ते एका कंपनीच्या ताब्यात आहे, त्यात सुरक्षितता नाही, ते बॅटरी खाते. यात ॲपलचा स्वार्थ नव्हता असे नाही. ॲपलला आपल्या दुकानातली ॲप खपवायची होती आणि त्या दुकानाची किल्ली ॲपलच्याच कमरेला होती. तरी मांडलेली कारणे खरी होती. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने मोबाईलवरच्या फ्लॅशचे काम थांबवले. २०१५ साली क्रोमने जुन्या पद्धतीची प्लग-इन जोडणेच बंद केले आणि जावाचे खेळ त्यातून गेले. जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने सांगून टाकले की २०२० च्या अखेरीस फ्लॅश संपेल.

आणि ते नुसते सोडून दिले नाही. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशने आपल्यात काहीही चालू द्यायचे नाही, अशी कळ ॲडोबीने आधीच आत बसवली होती. तुमचा संगणक, तुमची वीज, तुमची फाइल, पण अवजार चालणार नाही. फटका खेळांपुरता राहिला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही अर्ज फ्लॅशवर होते. ते चालावेत म्हणून त्या खात्याला जानेवारी २०२१ मध्ये स्वतःचा वेगळा ब्राउझर काढून लोकांना द्यावा लागला.

अवजार यंत्रातच आले

फ्लॅश संपले, पण ब्राउझरमधले खेळ संपले नाहीत. कारण दरम्यान ब्राउझर स्वतःच शहाणा झाला होता. जोडअवजाराचे काम तो आपल्या अंगानेच करू लागला होता.

याचे बी १९९५ सालीच पडले होते. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक याने अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. जावाशी तिचे नावापुरतेच नाते. आधी ती लहानसहान कामांची समजली जाई आणि चालेही संथ. २००८ साली गूगलने क्रोमबरोबर जावास्क्रिप्टचे वेगवान इंजिन आणले, इतर ब्राउझरांनीही चढाओढ केली आणि तीच भाषा खेळ चालवण्याइतकी चपळ झाली.

चित्र काढायला पानात एक कोरी पाटी हवी होती. ती ॲपलने २००४ साली आपल्या ब्राउझरात आणली आणि पुढे सर्वांनी स्वीकारली. तिला कॅनव्हास म्हणतात. पाने लिहिण्याच्या नियमांची पाचवी आवृत्ती, म्हणजे एचटीएमएल-फाइव्ह, ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाण ठरली. तिने चित्र, आवाज आणि व्हिडिओ प्लग-इनशिवाय चालवले. २०११ साली वेबजीएल आले. संगणकातला चित्रांसाठीचा खास भाग त्यामुळे ब्राउझरच्या हाताशी आला आणि डोंगर, इमारती, गाड्या यांना खोली असलेले खेळ पानात दिसू लागले. त्याच वर्षी वेबसॉकेटचे नियम ठरले. आधी दर निरोपाला नवे पत्र पाठवावे लागे, आता फोन उचलून धरल्यासारखी दोन्ही बाजूंनी सतत बोलणी सुरू राहू लागली. २०१५ साली ब्राझीलमधल्या एका तरुणाने अगार नावाचा साधा खेळ काढला. रंगीत गोळे एकमेकांना गिळतात, एवढाच खेळ, पण एकाच पटावर देशोदेशीची माणसे एकत्र खेळत ती याच सोयीमुळे.

शेवटची मोठी पायरी म्हणजे वेबअसेम्ब्ली. जावास्क्रिप्ट येते ती धान्याच्या रूपात. ब्राउझरला ती आधी वाचून, दळून मग वापरावी लागते. वेबअसेम्ब्ली म्हणजे जवळजवळ दळून आणलेले पीठ. त्यामुळे संगणकासाठी लिहिलेले मोठे, अवजड खेळही ब्राउझरात चालवता येतात. २०१७ साली चार प्रमुख ब्राउझरांनी ती घेतली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती प्रमाण झाली.

नवीन तंत्राचा सर्वांत साधा नमुना तुमच्याच मोबाईलवर असेल. रेंज गेली की क्रोमच्या पानावर एक छोटा डायनोसोर उभा दिसतो. त्याला बोट लावले की तो निवडुंगांवरून उड्या मारत धावू लागतो. २०१४ पासून हा खेळ क्रोममध्ये आहे. इंटरनेट नसताना चालणारा इंटरनेटच्या खिडकीतला खेळ!

फरक काय पडला, तो पाहा. फ्लॅश एका कंपनीचे होते. हे नवे नियम अनेक कंपन्या आणि जाणकार एकत्र बसून ठरवतात, ते सर्वांना वाचायला मोकळे असतात आणि कोणालाही ते पाळून ब्राउझर करता येतो. एकाने हात काढून घेतला, तरी सारे कोसळत नाही. ब्राउझर करणाऱ्या मोठ्या कंपन्या मूठभरच आहेत आणि त्यांचा वरचष्मा असतो, हे खरे. पण सर्वांचे बियाणे एकाच कुलपात नाही, हे काही थोडे नव्हे.

बुडालेल्यांतले काय वाचले?

फ्लॅश जाणार हे कळताच काही माणसे जागी झाली. २०१८ साली फ्लॅशपॉइंट नावाचा उपक्रम सुरू झाला. जगभरच्या स्वयंसेवकांनी जुने खेळ गोळा केले आणि लाखाहून अधिक खेळ जतन केले. दुसऱ्या काहींनी रफल हा कार्यक्रम लिहिला. तो फ्लॅशची सांगी वाचून तिचे काम नव्या तंत्राने करतो आणि ब्राउझरात चालतो तो याच वेबअसेम्ब्लीच्या बळावर. इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या ग्रंथसंग्रहाने नोव्हेंबर २०२० पासून रफलच्या मदतीने जुने खेळ लोकांना पुन्हा उघडून दिले.

एकट्याने खेळायचे, एका फाइलीत मावणारे खेळ असे वाचले. फार्मव्हिलचे तसे झाले नाही. त्याचे दाणे कंपनीच्या कोठारात होते. कोठार बंद झाल्यावर फ्लॅशची युक्ती काय कामाची? म्हणजे धडा दुहेरी आहे. अवजार सर्वांचे असले तरी नोंदवही एकाच्या हातात असेल, तर तो खेळ आजही एका दिवसात बंद होऊ शकतो.

याच्या उलट उदाहरण स्क्रॅचचे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या मंडळींनी मुलांना संगणकाची भाषा शिकवण्यासाठी २००७ साली हे साधन काढले. रंगीत ठोकळे एकाखाली एक लावायचे आणि त्यातून स्वतःचा खेळ करायचा. त्याचे खेळ ब्राउझरात आधी जावावर चालत. २०१३ साली ते फ्लॅशवर गेले. फ्लॅश जाणार असे दिसताच त्यांनी सारे पुन्हा नव्या नियमांवर लिहून काढले आणि २ जानेवारी २०१९ रोजी तिसरी आवृत्ती आली, फ्लॅश मरण्याच्या दोन वर्षे आधीच. पोरांनी केलेले खेळ वाया गेले नाहीत. शिवाय स्क्रॅचचा खेळ फाइल करून आपल्या संगणकावर उतरवून ठेवता येतो. पुराचा अंदाज कळताच गुरे वर नेऊन बांधणाऱ्या शहाण्या माणसाचे हे काम.

घरच्यांनी काय ध्यानात ठेवावे?

पहिले : आज कोणत्याही पानावर ‘फ्लॅश प्लेअर घ्या’ किंवा ‘फ्लॅश नवे करा’ असे बटण दिसले, तर ते दाबू नका. ॲडोबीने फ्लॅश देणे बंद केले आहे. त्या नावाने जे देऊ करतात, त्यात बहुधा चोरटा कार्यक्रम असतो.

दुसरे : ब्राउझरमधल्या बऱ्याच खेळांची प्रगती त्या ब्राउझरच्याच कप्प्यात साठलेली असते. मोबाईल साफ करताना साइटचा साठवलेला डेटा पुसला, तर मुलाचा महिन्याचा खेळ जातो आणि घरात रडारड होते. पुसण्याआधी विचारा.

तिसरे : खेळात पैसे भरून घेतलेले शेत, नाणी किंवा तलवार ही आपली मालमत्ता नव्हे. ती कंपनीच्या वहीतली एक ओळ आहे. त्यावर खर्च करण्याआधी आईवडिलांनी फार्मव्हिल आठवावे. मुलांच्या हातात मोबाईल देताना पैसे भरायचा गुप्त क्रमांक देऊ नये.

चौथे : मुलगा किंवा मुलगी नुसते खेळण्याऐवजी खेळ करायला बघत असेल, तर अडवू नका. स्क्रॅच फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. शाळेत संगणक असेल, तर गुरुजींना विचारा. पुढे जावास्क्रिप्ट शिकायचे, तर तिचे नियम खुले आहेत, दुकानातून काही विकत घ्यावे लागत नाही. मात्र केलेल्या कामाची एक प्रत आपल्या हाताशी, पेन ड्राइव्हवर ठेवायला शिकवा.

दरवर्षी दुकानातून आणावेच लागते ते बियाणे आणि घरच्या कणगीत जपून ठेवलेले बियाणे, यांतला फरक शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. दुकानातले कधी कधी जास्त पिकते, म्हणून आपण ते घेतोही. पण दुकान बंद झाले तर पुढच्या मृगाला काय पेरायचे, याची चिंता जाणता माणूस आधीच करतो. पोरांच्या पडद्यावरच्या जगातही हाच हिशोब लागू आहे.